चार उपकेंद्रांचे गेटवे एकमेकांना जोडताना : चाकणमधील एका कामाचा अनुभव

आमच्या कारखान्यातील चार विद्युत उपकेंद्रांचे डेटा गेटवे एकमेकांना जोडून सगळी माहिती एकाच नियंत्रण कक्षात आणण्याचे काम जानेवारी २०२४ मध्ये माझ्याकडे आले आणि त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर ते पुरे झाले. कामाला लागले तेव्हा प्रोटोकॉलवरची, म्हणजे उपकरणांच्या आपापसांतल्या संवादाच्या नियमांवरची, जाडजूड पुस्तिका हाताशी होती. मात्र प्रत्यक्षात कोणाकडे अर्ज करायचा, कोणती यादी आधी करायची आणि चाचणीच्या दिवशी नेमके काय तपासायचे, हे सांगणारे मराठीतच काय, इतरत्रही फारसे काही सापडले नाही. हे काम ज्यांच्यावर येऊन पडेल त्यांच्यासाठी घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

चाकण औद्योगिक वसाहतीतील आमच्या आवारात २२०/२२ केव्हीचे मुख्य उपकेंद्र आहे आणि त्यावरून २२ केव्ही/४३३ व्होल्टची तीन उपकेंद्रे निघतात. मुख्य उपकेंद्रातील रिले, म्हणजे दोष ओळखून ब्रेकर उघडायला लावणारी संरक्षण उपकरणे, आयईसी ६१८५० या प्रोटोकॉलवर बोलतात. पेंट शॉपच्या उपकेंद्रात जुने रिले आयईसी ६०८७०-५-१०३ वर आणि मीटर मॉडबसवर आहेत, प्रेस शॉपमध्ये सगळेच मॉडबस टीसीपी आहे, आणि शेवटचे उपकेंद्र नवे असल्याने पुन्हा ६१८५० चे. प्रत्येक ठिकाणी एक गेटवे, म्हणजे रिले व मीटर यांच्याकडून माहिती गोळा करून ती वरच्या यंत्रणेला समजेल अशा प्रोटोकॉलमध्ये देणारा छोटा औद्योगिक संगणक, आधीपासून होता. चारही गेटवे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेतलेले असल्यामुळे रात्री एखादा फीडर (पुढे वीज नेणारी वाहिनी) ट्रिप झाला, म्हणजे दोषामुळे आपोआप बंद पडला, की शिफ्टमधील यंत्रचालकाला चार पडदे पाहावे लागत आणि चार घड्याळांतल्या वेळा मनातल्या मनात जुळवाव्या लागत.

पहिले दोन महिने सिग्नलची यादी करण्यातच गेले आणि माझ्या मते या कामातील सर्वांत मोलाचा वेळ तोच होता. पुरवठादाराने दिलेली यादी आणि पॅनेलमधील वास्तव यांत नेहमीच फरक पडतो. कुठे स्पेअर फीडर नंतर वापरात आलेला असतो, तर कुठे रिले बदलला जाऊनही यादीत जुनाच राहिलेला असतो. म्हणून आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सारा विभाग मामा म्हणतो, त्यांना घेऊन मी प्रत्येक पॅनेलसमोर उभी राहिले आणि रिलेचा पत्ता, फर्मवेअरची आवृत्ती, सीटीचे (करंट ट्रान्सफॉर्मरचे) गुणोत्तर आणि तारांवरचे फेरुल क्रमांक नोंदवून घेतले. सीटीचे गुणोत्तर आवर्जून लिहून घ्यावे, कारण मीटर प्राथमिक बाजूचा प्रवाह देतो की दुय्यम बाजूचा, यावर पुढच्या सगळ्या गुणकांचा हिशेब अवलंबून असतो. ६१८५० च्या उपकेंद्रांसाठी संपूर्ण उपकेंद्राची एससीडी फाइल, म्हणजे त्यातील सर्व उपकरणांची संरचना मांडणारी फाइल, लागते. नव्या उपकेंद्राची ती मिळाली, परंतु मुख्य उपकेंद्राची फाइल मूळ पुरवठादाराकडेच होती आणि ती देण्यासाठी त्याने वेगळे शुल्क मागितले. कोणतेही उपकेंद्र ताब्यात घेताना एससीडी फाइल, गेटवेचा बॅकअप आणि पासवर्ड ही तिन्ही गोष्टी हस्तांतरणाच्या कागदपत्रांत लेखी मागाव्यात. नंतर त्यांची किंमत दुसरेच कोणी ठरवते.

यादीनंतर आराखडा. गेटवे गेटवेला जोडताना पहिला प्रश्न असतो तो विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण हा. जुना गेटवे खालच्या उपकरणांसाठी विचारणाऱ्याच्या भूमिकेत असतो आणि वरच्या गेटवेसाठी त्यालाच उत्तर देणाऱ्याची भूमिका घ्यावी लागते. दोन्ही भूमिका एकाच वेळी निभावण्याची सोय त्यात आहे का आणि त्यासाठीचा परवाना घेतलेला आहे का, हे आधी पाहावे लागते. गेटवे बहुधा सिग्नलांच्या संख्येवर आणि प्रोटोकॉलवर परवाना घेऊन विकले जातात. पेंट शॉपच्या गेटवेला आयईसी ६०८७०-५-१०४ (यापुढे नुसते १०४) या प्रोटोकॉलची वरची जोडणी देण्यासाठी परवान्यापोटी साठ हजारांच्या आसपास रक्कम मोजावी लागली, तर चौघांची माहिती एकत्र करणारा नवा मास्टर गेटवे सुमारे साडेचार लाखांना पडला.

मुख्य उपकेंद्रातील रिलेंकडून माहिती थेट मास्टर गेटवेने घ्यावी, असा या नव्या गेटवेच्या पुरवठादाराचा आग्रह होता. मी तो मान्य केला नाही. ६१८५० मध्ये रिले आपली माहिती रिपोर्ट कंट्रोल ब्लॉकमार्फत पाठवतो, प्रत्येक ग्राहकाला, म्हणजे माहिती मागणाऱ्या यंत्रणेला, त्याचा स्वतंत्र ब्लॉक लागतो आणि एका रिलेमध्ये असे ब्लॉक मोजकेच असतात. आमच्याकडे ते जुना गेटवे आणि स्थानिक स्काडा (देखरेखीची संगणक प्रणाली) यांनी आधीच धरलेले होते. नव्या ग्राहकासाठी रिलेची संरचना बदलायची म्हणजे संरक्षण रिलेमध्ये हात घालायचा, आणि केवळ देखरेखीच्या सोयीसाठी ते करणे मला पटत नाही. त्यामुळे मुख्य उपकेंद्रातील जुन्या गेटवेकडूनच (यापुढे मुख्य गेटवे) १०४ वर माहिती घ्यायची आणि बाकी तिघांकडूनही १०४ वरच घ्यायची, असे ठरले. दुसरा निर्णय असा की या जोडणीतून एकही आज्ञा खाली जाणार नाही. ब्रेकर चालू-बंद करण्याच्या ४५ व ४६ प्रकारच्या आज्ञा मास्टर गेटवेच्या संरचनेत ठेवल्याच नाहीत आणि खालच्या गेटवेंमध्येही त्या स्वीकारायच्या नाहीत असे बंधन घातले. व्यवस्थापनातील एकदोघांना हे अपुरे वाटले. देखरेख आणि नियंत्रण एकाच वेळी सुरू करू नये, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

पत्त्यांचा आराखडा कंटाळवाणा असतो, पण तो एकदा नीट केला की पुढे डोके शांत राहते. १०४ मध्ये उपकेंद्राचा सामाईक पत्ता दोन ऑक्टेटचा (ऑक्टेट म्हणजे आठ बिट) आणि प्रत्येक सिग्नलचा पत्ता तीन ऑक्टेटचा असतो, त्यामुळे जागेची टंचाई नसते. आम्ही प्रत्येक उपकेंद्राला वेगळा सामाईक पत्ता दिला आणि मास्टर गेटवेतून वर जातानाही तोच कायम ठेवला. ब्रेकर व आयसोलेटरच्या स्थिती, अलार्म आणि मोजमापे यांच्यासाठी पत्त्यांचे स्वतंत्र पट्टे आखले व प्रत्येक पट्ट्यात मोकळी जागा सोडली. ब्रेकरची स्थिती दुहेरी बिंदू म्हणूनच घ्यावी. एकेरी बिंदूत फक्त चालू किंवा बंद कळते, तर दुहेरीत ब्रेकर मध्येच अडकलेला आहे किंवा दोन्ही सहायक संपर्क एकाच वेळी आलेले आहेत, हेही दिसते.

मार्च महिना खरेदीच्या फाइलने खाल्ला. आर्थिक वर्ष संपण्याआधी खरेदी आदेश निघाला नसता, तर तरतूद रद्द झाली असती. तांत्रिक तुलना, वित्त विभागाची टिपणी आणि मंजुरी हे सगळे त्या एका महिन्यात बसवावे लागले. त्याच काळात संगणक विभागाबरोबर फायरवॉलच्या बैठका झाल्या. त्यांना ‘गेटवेसाठी पोर्ट उघडा’ असे मोघम सांगून चालत नाही. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर आणि जोडणी सुरू कोण करणार, असा तक्ता द्यावा लागतो. १०४ साठी २४०४, वेळ जुळवण्यासाठी १२३, आणि नव्या उपकेंद्रात देखभालीच्या लॅपटॉपपुरते ६१८५० चे १०२, एवढेच आम्ही मागितले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२१ च्या सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांनुसार नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी ठेवायची असते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. ही दोन्ही कागदपत्रे टेबलावर ठेवल्यानंतर बैठकांतील वादाचे बरेच मुद्दे आपोआप मिटले. दुरुस्तीसाठी दुरून जोडणी हवी, ही पुरवठादाराची मागणी त्याच बैठकीत बाजूला पडली.

परवानगीचा भाग संथ होता. आमचा मुख्य गेटवे राज्य भार प्रेषण केंद्राला, म्हणजे राज्यातील विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या केंद्रालाही, माहिती पुरवतो. महाराष्ट्राचे हे केंद्र ऐरोलीला आहे. त्या गेटवेवर १०४ चा दुसरा ग्राहक जोडायचा, तर तिकडे जाणाऱ्या माहितीला बाधा येणार नाही याची लेखी हमी, सुधारित नेटवर्क आकृती, फर्मवेअरच्या आवृत्त्या, सायबर सुरक्षेचे स्वयंघोषणापत्र आणि कामाची पद्धत, असा संच वीज यंत्रणेच्या स्थानिक कार्यालयात द्यावा लागला. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जावर उत्तर यायला जूनचा मध्य उजाडला. या काळात फोन करण्यापेक्षा आवक क्रमांक घेऊन प्रत्यक्ष जाणे उपयोगी पडले, आणि सकाळी लवकर गेल्यास नाशिक महामार्गावरील मोशीची कोंडीही टळते. अर्जाबरोबर एका पानाचा साधा गोषवारा जोडावा. वाचणारा अधिकारी संरक्षण किंवा चाचणी विभागातला असतो, त्याला १०४ चे बारकावे नको असतात. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, ती म्हणजे काम चालू असताना त्याची जोडणी तुटेल का आणि तुटल्यास किती वेळ.

उत्तराची वाट पाहत असताना उपकेंद्रांमधली फायबर टाकून झाली. त्याबद्दल एवढेच सांगेन की केबल चिलखती घ्यावी, कारण ट्रेंचमध्ये उंदीर असतातच, आणि जोड झाल्यावर ओटीडीआरचा, म्हणजे फायबरमधील तुटी व घट दाखवणाऱ्या यंत्राचा, आलेख मागून फाइलला लावावा.

जूनमध्ये भोसरीतील पुरवठादाराच्या कार्यशाळेत टेबलावरची चाचणी झाली. पेंट शॉपमधील एक सुटा मीटर मी सोबत नेला होता आणि त्याचे चांगलेच सार्थक झाले. मीटरला २२ केव्हीची तुल्य चाचणी दिली, तरी गेटवेवर शून्य दिसत होते. जोडणी ठीक होती, उत्तरही येत होते, तरी आकडा शून्यच. मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे असते आणि दशांशाचा ३२ बिटी आकडा दोन रजिस्टरांत विभागून येतो. २२ हा आकडा तसा मांडला तर एका रजिस्टरात १६८१६ आणि दुसऱ्यात ० असतो. हे दोन शब्द उलट क्रमाने वाचले की जो आकडा तयार होतो तो इतका सूक्ष्म असतो की पडद्यावर ०.०० असाच उमटतो. शब्दांचा क्रम बदलताच २२.०० दिसू लागले. शून्य म्हणजे संपर्क नाही असे गृहीत धरून तारा तपासत बसणाऱ्यांचे दिवसच्या दिवस यात जातात. म्हणून आधी कच्ची रजिस्टरे वाचावीत. त्यासाठी लागणारा यूएसबी ते आरएस-४८५ (मीटर एकाच ओळीत जोडणारी तारांची जोडणी) कन्व्हर्टर आणि ओळीच्या टोकाला बसवायचे १२० ओहमचे रोध पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत सहज मिळतात आणि खर्चही किरकोळ येतो.

जूनच्या अखेरीस पालखी प्रस्थानाच्या दिवसांत आळंदी आणि परिसरातील रस्ते वळवलेले असल्याने पुरवठादाराचे अभियंते येऊ शकले नाहीत आणि प्रत्यक्ष जोडणी जुलैमध्ये सुरू झाली. त्यांचे शुल्क दिवसावर असते, त्यामुळे ते येण्याआधी परमिट (काम करण्याची लेखी परवानगी), शिडी, लॅपटॉपला वीज आणि पॅनेलच्या किल्ल्या या सगळ्यांची व्यवस्था तयार ठेवणे म्हणजे सरळ पैसे वाचवणे होय. कामासाठी आम्ही गुरुवार निवडले, कारण भोसरी-पिंपरी पट्ट्याप्रमाणे आमचीही साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते आणि भार कमी असतो. पेंट शॉपमध्ये आरएस-४८५ ची ओळ अधूनमधून तुटत होती. शेवटच्या मीटरवर रोध नव्हता आणि केबलचे कवच दोन्ही टोकांना अर्थ केलेले होते. रोध बसवला, कवच एकाच टोकाला अर्थ केले आणि ओळ स्थिरावली. ए आणि बी या खुणांवर मात्र विसंबू नये, निरनिराळे उत्पादक त्या उलटसुलट छापतात.

वेळेचा घोळ ऑगस्टमध्ये समोर आला. मास्टर गेटवेवरच्या घटनाक्रमात पेंट शॉपचा रिले ट्रिप झाल्याची नोंद, त्याला कारणीभूत असलेल्या मुख्य बाजूच्या दोषाच्या साडेपाच तास आधीची दिसत होती. पेंट शॉपचा गेटवे जागतिक प्रमाणवेळ नोंदीवरच्या वेळेच्या शिक्क्यात घालत होता आणि मुख्य गेटवे भारतीय वेळ. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालते, फक्त ती सर्वत्र एकच असावी लागते. भार प्रेषण केंद्राकडे जाणारी माहिती भारतीय वेळेत होती, तिला हात लावायचा नव्हता, म्हणून बाकीचे तिघेही त्याच वेळेवर आणले आणि सर्वांना मुख्य उपकेंद्रातील जीपीएस घड्याळावरून वेळ दिली. येथे आणखी एक गोष्ट तपासावी. खालून आलेला वेळेचा शिक्का मास्टर गेटवे तसाच पुढे पाठवतो की स्वतःच्या वेळेचा नवा शिक्का मारतो? दुसरे होत असेल, तर घटनाक्रमाला काही अर्थच उरत नाही.

यानंतर जी चाचणी झाली, ती मी प्रत्येकाला आवर्जून करायला सांगेन. पुरवठादाराच्या चाचणीपत्रकात जोडणी तुटण्याची एकच चाचणी होती, ती म्हणजे दोन गेटवेंमधील फायबर काढणे. ती व्यवस्थित पार पडली. १०४ च्या नेहमीच्या मांडणीत ओळ २० सेकंद शांत राहिली की चाचणी संदेश जातो आणि १५ सेकंदांत उत्तर आले नाही तर जोडणी बंद केली जाते. म्हणजे फार तर ३५ सेकंदांत मास्टरला कळायला हवे आणि तसे कळलेही. मी मामांना पेंट शॉपमध्ये जाऊन, फायबर तशीच ठेवून, एका मीटरच्या पाठीमागचा हिरवा कनेक्टर काढायला सांगितले. मी नियंत्रण कक्षात पडद्यासमोर होते. त्या फीडरवर १६४ अँपिअर दिसत होते. शेजारच्या फीडरांचे आकडे एकेक दोनदोन अँपिअरने हलत होते, हा मात्र १६४ वरच थांबला आणि रंग हिरवाच राहिला. पाच मिनिटांनी मामांचा फोन आला, “मॅडम, काढलाय कनेक्टर. तिकडे काही दिसलं का?” काहीच दिसले नव्हते. नंतर ठरल्याप्रमाणे परमिट घेऊन तो फीडर बंद केला, तरी पडद्यावर १६४ अँपिअर वाहतच होते.

याचे कारण साधे आहे. गेटवे ते गेटवे ही जोडणी धडधाकट होती आणि तुटली होती ती तिच्या खालची. पेंट शॉपच्या गेटवेमध्ये उपकरणाशी संपर्क तुटल्यास शेवटचे मूल्य धरून ठेवावे, अशी मूळ मांडणी होती आणि तो ते मूल्य निरोगी म्हणून वर देत होता. एकच गेटवे असताना हा दोष त्याच खोलीत राहतो, तेथे मीटरचा बंद पडदाही समोर दिसतो. गेटवेंची साखळी केली की तो आकडा दोन कड्या ओलांडून अशा माणसासमोर येतो, ज्याला खाली काय चालले आहे याची कल्पना नसते. बंद फीडरवर प्रवाह दिसणे हे त्यातल्या त्यात बरे. चालू फीडरवर गोठलेले शून्य दिसले आणि त्यावर विसंबून कोणी पॅनेल उघडले, तर काय होईल हे सांगायला नको. पडद्यावरचा आकडा पाहून कोणीही पॅनेलला हात लावू नये, विद्युतदाब तपासूनच लावावा, हा नियम आहेच. तरीही खोटे बोलणारा पडदा नियंत्रण कक्षात असता कामा नये.

१०४ मध्ये प्रत्येक मूल्याबरोबर त्याच्या गुणवत्तेचे बिट जातात. त्यांत मूल्य अवैध आहे आणि मूल्य ताजे नाही, असे सांगणारे दोन बिट आपल्या उपयोगाचे. प्रत्येक गेटवेमध्ये, प्रत्येक उपकरणासाठी, संपर्क तुटताच हे बिट लावले जातील अशी मांडणी करून घेतली आणि मास्टर गेटवेने ते जसेच्या तसे पुढे द्यावेत हे तपासले. शिवाय प्रत्येक उपकरणाच्या संपर्कासाठी एक स्वतंत्र अलार्म सिग्नल बनवला. ऊर्जा विभागाच्या तक्त्यासाठी मास्टर गेटवेतून मॉडबसवर काही मोजमापे जातात, आणि मॉडबसमध्ये गुणवत्तेसाठी जागाच नाही. त्यामुळे त्यांना संपर्काची स्थिती सांगणारे वेगळे रजिस्टर दिले आणि ते शून्य असेल तर आकडा करड्या रंगात दाखवायचा, असे त्यांच्याकडून लेखी मान्य करून घेतले. यासाठी पुरवठादाराने जादा कामाचे पैसे मागितले. खरेदी आदेशात ‘गुणवत्तेची माहिती टोकापासून टोकापर्यंत’ अशी ओळ असल्यामुळे ते द्यावे लागले नाहीत. ती एक ओळ आपल्या तांत्रिक अटींत जरूर घालावी.

कनेक्टर परत बसवताना दुसरी बाजूही पाहावी. जोडणी परत आली की मास्टर गेटवे सर्व बिंदूंची सद्यस्थिती मागवतो, आणि त्याच वेळी खालच्या गेटवेने साठवून ठेवलेल्या जुन्या घटनाही येऊन आदळतात. आमच्याकडे पहिल्यांदा हे झाले तेव्हा यंत्रचालकाने भोंगाच बंद करून टाकला आणि मला त्याचा राग आला नाही. सद्यस्थिती मागवून आलेल्या मूल्यांवर अलार्म वाजू नये आणि साठवलेल्या घटना यादीत जाव्यात पण भोंगा वाजवू नये, अशी विभागणी आम्ही कारणाच्या क्रमांकावरून केली. उत्स्फूर्त बदलासाठी ३ आणि सर्वसाधारण विचारणेच्या उत्तरासाठी २० असा तो क्रमांक १०४ च्या प्रत्येक संदेशात असतोच. साठवलेल्या घटनाही ३ घेऊनच येत असल्याने त्यांना वेळेच्या जुन्या शिक्क्यावरून वेगळे काढले.

सप्टेंबरमध्ये गणपतीचे दिवस सोडून बिंदूवार चाचणी झाली. प्रत्येक सिग्नल मुळाशी निर्माण करायचा, दुय्यम बाजूने प्रवाह देऊन किंवा परमिटवर ब्रेकर हलवून, आणि वरच्या टोकाला तो योग्य नावाने, योग्य वेळेसह आला याची सही घ्यायची. गेटवेमध्येच बिट बदलून दाखवण्याचा सोपा मार्ग पुरवठादार सुचवतात, पण त्याने अदलाबदल झालेली तार कधीच सापडत नाही. आम्हाला प्रेस शॉपमधील दोन फीडरांची अदलाबदल याच टप्प्यावर सापडली. मुख्य गेटवेवर नवी जोडणी सुरू करताना भार प्रेषण केंद्राशी फोन चालू ठेवला होता. त्यांच्या बाजूला माहिती अखंड येत असल्याचे त्यांनी सांगितले, तशी वेळेसह नोंद केली आणि ती पूर्णत्वाच्या अहवालाला जोडली.

अंतिम अहवालावर सगळ्या सह्या होईपर्यंत दिवाळी उलटली. सध्या प्रत्येक गेटवेचा बॅकअप, आवृत्ती आणि तारीख लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला जातो, आणि तिमाहीत एकदा, गुरुवारी, कोणत्याही एका मीटरचा कनेक्टर न सांगता काढून नियंत्रण कक्षाकडून फोन यायला किती वेळ लागतो ते मामा लिहून ठेवतात. पेंट शॉपचा जुना गेटवे उपकेंद्राच्या ११० व्होल्ट डीसी बॅटरीऐवजी अजूनही साध्या यूपीएसवर आहे. तो त्या बॅटरीवर घेण्याचा प्रस्ताव नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी पाठवला आहे.